तेल वर आलं का?

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमची पलटण तेव्हा काश्मीरमध्ये, कंट्रोल लाइनवर होती. माझ्या सेक्शनला मिळालेली पोस्ट डोंगराच्या नाकाडावर. खाली नाला, समोरच्या धारेवर त्यांची पोस्ट, आणि मागं आमचं कंपनी हेडक्वार्टर, जिथं पोचायला अर्धा दिवस चालावं लागायचं. मी हवालदार, हाताखाली दहा माणसं. गाव माझं पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर. कांदा आणि ऊस सोडून जगातलं काही ठाऊक नसताना भरती झालो. भरती झाल्यावर कळलं की फौजेत मुख्य काम वाट बघण्याचं असतं.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, बॉर्डर म्हणजे रोज उठून धडाधड गोळीबार. कसलं काय राव! पहाटे स्टँड-टू, म्हणजे उजाडायच्या आधी सगळ्यांनी हत्यार घेऊन मोर्चात उभं राहायचं. मग बर्फ उपसायचं. मग पाठीवर रॉकेलचे जेरीकॅन वाहायचे, हत्यारं साफ करायची, सेंट्री द्यायची, आणि परत बर्फ उपसायचं, कारण सकाळी उपसलेलं तोवर भरलेलं असायचं. पायातले मोजे कधी सुकले नाहीत. झोप तुकड्यातुकड्यानं. मला त्या पोस्टची आठवण आली की आधी दम लागतो, बाकीचं नंतर आठवतं. आता साठीला आलोय, तरी जिना चढताना कधीकधी वाटतं, पाठीवर जेरीकॅनच आहे.

पोस्टच्या पुढं, उताराला, आमची ओपी होती. ओपी म्हणजे टेहळणीची जागा: दगड रचून केलेला आडोसा, त्यात दोन माणसं आणि एक दुर्बीण. पोस्टपासून ओपीपर्यंत फील्ड टेलिफोनची वायर टाकलेली होती. ही वायर सांभाळणारा लाइनमन म्हणजे सिपाही दत्तात्रय. पलटणीत दुसराही एक दत्तात्रय होता, साताऱ्याकडचा. म्हणून ह्याला सगळे घोडेगावचा दत्तू म्हणायचे. खरं तर गाव त्याचं घोडेगावच्याही वर, धरणाच्या पाण्याकडेला. माझा तालुका जुन्नर, त्याचा आंबेगाव. काश्मीरच्या डोंगरात म्हणजे आम्ही एका आळीतलेच झालो.

पोरगं काटक, बोलकं, आणि जरा आगाऊ. वायर जोडता जोडता गप्पा मारायचं. मी ओरडलो की म्हणायचं, "उस्ताद, तोंड बंद केलं तर हात बी थांबतात माझं." मी हवालदार असून त्याच्यापुढं माझं काही चालायचं नाही.

रविवारी दत्तूचा लंगर असायचा. लंगर म्हणजे आमचा स्वयंपाकाचा बंकर. एरवी लांगरी डाळ-चपाती करायचा. ती खाऊन जीव जगायचा, जीभ मरायची. पण हिवाळा सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर, नाला वाहता असायचा तेव्हा, पाणी आणायला गेलेली पार्टी मासे धरून आणायची. कशानं धरायची, तर मच्छरदाणीनं. मच्छरदाणी सरकारी असल्यामुळं, हेडक्वार्टरहून सुभेदारसाहेब वर आले की त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढायचा नाही. साहेब खायचे, तेपण विचारायचे नाहीत.

दत्तूची तयारी बघण्यासारखी असायची. घरून आणलेलं काळं तिखट एका पत्र्याच्या डब्यात. कांदा स्टोव्हच्या जाळावर थेट भाजायचा, साल काळी पडेपर्यंत. सुक्या खोबऱ्याची वाटी तशीच. तीळ, खसखस, लसूण. आणि मग, सगळ्यात शेवटी, तो लांगऱ्याकडून एक शिळी चपाती मागून घ्यायचा, चिमट्यात धरायचा आणि जाळायचा. भाजायचा नाही, जाळायचा. पार कोळसा. बंकरभर धूर. सगळे खोकत शिव्या घालायचे. तो म्हणायचा, "आईची रीत हाय. गप बसा." ती जळकी चपाती वाटणात जायची. दोन दगडांवर वाटायचा, पाटा कुठला तिथं.

रस्सा उकळायला ठेवला की कुणालाही मासे टाकू द्यायचा नाही. त्या उंचीवर काही शिजायला जीव जातो. आम्ही ताटं घेऊन बसलेले, पोटात कावळे ओरडतायत, आणि हा पातेल्यावर वाकून बघत बसायचा. रस्श्यावर लाल तेलाचा तवंग आला की मग हळद-मीठ लावलेले तुकडे अलगद सोडायचा. म्हणायचा, "उस्ताद, रस्सा आईचा हाय. मासे मातर मी टाकतो." आणि हसायचा. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मी कधी विचारलं नाही.

झणझणीत म्हणजे इतका की कानातून वाफ निघावी. नाक गळायचं, डोळे गळायचे, आणि पायातली थंडी पळायची. पहिल्या घोटाला मला थेट घर दिसायचं. खायला आम्ही तुटून पडायचो. एकच माणूस नावं ठेवायचा, लान्स नाईक गंगाराम. हा मालवणकडचा. माशाच्या बाबतीत ह्याला आम्ही सगळे अडाणी वाटायचो. ओलं खोबरं नाही, कोकम नाही, म्हणून तो दर रविवारी बोंब मारायचा. तीनदा वाढून घ्यायचा आणि बोंब मारायचा.

"अरे दत्त्या, ह्या रश्यात मासो पावणो इल्यासारखो वाटता," तो म्हणायचा. म्हणजे मासा ह्यात पाहुणा आलाय, घरचा नाही.

"मंग पावण्याला नीट खा की," दत्तू म्हणायचा.

गंगारामचं बरोबर होतं. ते किती बरोबर होतं, हे मला पुढं कळायचं होतं.

तोही रविवारच होता. आकाश निरभ्र, बर्फ वितळायला लागलेलं. ओपीत गंगाराम आणि एक जवान. दत्तूनं वाटण करून रस्सा चढवलेला. मासे ताटलीत हळद लावून ठेवलेले. दुपारच्या आधी समोरून मॉर्टरचा पहिला गोळा आला. मग लागोपाठ. आम्ही बंकरमध्ये. शेलिंगची आम्हाला सवय होती. पण त्या दिवशी गोळे एकेक करत खाली सरकत होते, ओपीच्या दिशेनं. त्यांनी ओपी हेरली होती.

मी टेलिफोनचं हँडल फिरवलं. काही नाही.

"लाइन तुटली उस्ताद," दत्तू म्हणाला.

"वायरलेस सेट?"

"ओपीच्या सेटची बॅटरी बसलीय. सकाळी सांगितलं व्हतं मी."

ओपीच्या मागं, दरडीखाली, दुसरा सँगर होता. म्हणजे दगडांचाच, पण जास्त पक्का आडोसा. तिथं सरकले तर दोघं वाचणार होते. पण हुकमाशिवाय ओपी सोडायची नाही, हा नियम. गंगाराम नियमाचा माणूस. तो तिथंच बसून मेला असता.

दत्तूनं पक्कड, वायरचा गुंडा आणि लाइन तपासायचा टेलिफोन उचलला होता. मी अजून काही बोललो नव्हतो.

"लाइन धरून जा," मी म्हणालो. "जोडलीस की तिथंच आडवा पड. शेलिंग थांबल्यावर ये."

"जी उस्ताद." तो दारात थांबला. स्टोव्हकडं बोट केलं. "मासे टाकू नका कुणी. तेल वर येऊ द्या."

"जा रे बाबा!" मी ओरडलो.

गेला. तो गेल्यावर बंकरमध्ये फक्त रस्श्याची रटरट आणि बाहेरचे आवाज. थोड्या वेळानं टेलिफोन खणखणला. मी झडप घातली.

"पोस्ट. टेस्ट."

"बोल दत्तू."

"जोडली. ओपी बी लाइनवर हाय."

मागून गंगारामचा आवाज आला, "आसंव आमी."

"ओपी, मागं सरका. दुसऱ्या सँगरमध्ये. आत्ता."

"जी."

गंगारामनं फोन ठेवल्याची खडखड ऐकू आली. दत्तू लाइनवरच होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, धावल्यामुळं फुललेला.

"उस्ताद, तेल वर आलं का?"

मी पातेल्याकडं बघितलं. खरंच बघितलं. "नाय अजून."

"मंग टाकू नका. मी आलोच."

त्यानंतर आवाज झाला, आणि लाइन परत गेली.

शेलिंग थांबल्यावर आम्ही त्याला आणलं. पक्कड हातात होती. वायरचा जोड त्यानं टेपनं नीट गुंडाळलेला होता, घाईत केल्यासारखा नाही. ओपीचा पहिला आडोसा पार उडाला होता. गंगाराम आणि तो जवान दुसऱ्या सँगरमध्ये सुखरूप. गंगाराम दत्तूच्या पायाशी बसला तो उठेचना.

संध्याकाळी स्ट्रेचर पार्टी घेऊन सुभेदारसाहेब वर आले. त्यांनी दत्तूला सॅल्यूट केला, मग माझ्याकडं वळून विचारलं, "पोरं जेवली?"

"नाही साहेब."

"वाढा. उपाशी माणूस रात्रीची सेंट्री देऊ शकत नाही."

रस्सा थंड झाला होता. गरम केला. मासे ताटलीत तसेच होते. ते कुणी टाकले नाहीत, टाकायचे का असंही कुणी विचारलं नाही. चपाती रस्श्यात बुडवून सगळे जेवले. दुसऱ्या दिवशी गंगारामनं ती ताटली नाल्यावर नेऊन रिकामी केली.

त्या काळात देह घरी पाठवायची पद्धत नव्हती. खाली कंपनी हेडक्वार्टरजवळ आम्ही त्याला अग्नी दिला. गावी तार गेली. अस्थी पोचवायला साहेबांनी मला निवडलं, कारण माझा तालुका शेजारचा. पांढऱ्या फडक्यात बांधलेला कलश मांडीवर आणि दत्तूची काळी ट्रंक पायाशी, असा मी जम्मूहून निघालो. गाडीत शेजारच्या माणसानं विचारलं, "प्रसाद है क्या?" मी मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यानं ठरवलं. मंचरला यष्टी बदलली, घोडेगावला उतरलो. पुढं एका दुधाच्या गाडीत बसून त्यांच्या वस्तीवर गेलो. अंगात त्राण नव्हतं. तोंडात शब्द तयार करून ठेवले होते, तेवढेच होते.

दत्तूचे वडील बांधावर उभे होते. गाव त्यांना नाना म्हणायचं. उंच, वाळलेला माणूस. त्यांनी कलश माझ्या हातातून घेतला आणि दारापुढच्या लिंबाच्या फांदीला बांधला. अस्थी आमच्याकडं घरात नेत नाहीत, माहीत असेल तुम्हाला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "पावणं, घरात सांभाळून बोला. ती मानंना. देह बघितला नाय म्हणती, मंग दहावा कशाचा घालायचा. तारीख टळून गेली. भटजी दोनदा येऊन गेले."

दत्तूची आई भिंतीला टेकून बसली होती; मी तिला मावशीच म्हटलं. चूल विझलेली. शेजारची बाई भाकरी आणून द्यायची, त्यातली चतकोर खायची म्हणे. मी समोर बसलो. तिनं मला नीट निरखलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"जेवायचा का तिथं नीट?"

मला हायसं वाटलं. ह्याचं उत्तर माझ्याकडं होतं. वाटलं, माउलीला बरं वाटेल असं काहीतरी सांगू.

"जेवायचा काय मावशी, आमाला करून घालायचा! दर रविवारी. तुमच्या हातचं माशाचं कालवण."

"कसलं?"

"माशाचं."

तिचा हात गळ्याकडं गेला. तेव्हा मला तिच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. एवढा वेळ समोर बसलो होतो, पण डोळे होते कुठं माझे!

"माझ्या घरात जन्मात मासा शिजला नाय," ती म्हणाली. "माज्या दत्तूनं कवा मासा तोंडात घातला नाय." आणि ती उठली. मी आल्यापासून मेल्यागत बसलेली बाई, ताडकन उठली. "आवं, ऐकलं का? ह्यो आपला नव्हं! तो म्हणायचा ना, त्याच्याच नावाचा आणखी एक हाय म्हणून? तोच ह्यो. मासे खाणारा. आपला दत्तू नव्हं!"

नानांनी दाराबाहेर, लिंबाकडं बघितलं.

मावशीनं चूल पेटवली. कित्येक दिवसांनी. माझ्यासाठी चहा टाकला. तिच्या हाताला घाई होती, चेहरा उजळला होता. कप माझ्या हातात देत ती म्हणाली, "हवालदार, चहा घ्या आन् तो कलश सोडून घेऊन जा. ज्याचा हाय त्याच्या आईला द्या. ती बिचारी वाट बघत आसल."

मी कप तसाच खाली ठेवला आणि उठलो.

नाना मला बांधापर्यंत घेऊन आले. रागावतील असं वाटलं, पण रागवायलाही ताकद लागते.

"काय केलंत हे पावणं," एवढंच म्हणाले. "रडत नव्हती, तरी आज ना उद्या रडली असती. आता ही वाट बघत बसंल. पोस्टमन दिसला की पळंल. जलमभर."

"नाना, मला ठाऊक नव्हतं हो. तो स्वतः म्हणायचा, रस्सा आईचा हाय म्हणून."

"पोरगं भरती झाल्यावर खायला लागलं आसल. मीबी खातो भायेर, बहिणीकडं गेलो की. घरात कळू देत नाय." ते थोडं थांबले. "कसला करायचा रस्सा?"

मी सांगायला लागलो. कांदा भाजायचा, खोबरं, तीळ, खसखस. नाना ऐकत होते, कुठलंही घर हेच करतं, अशा चेहऱ्यानं. मी म्हणालो, "आणि एक चपाती जाळायचा. पार कोळसा करायचा."

नानांनी माझा दंड धरला. "भाकर?"

"चपाती. भाकर तिथं कुठली मिळणार?"

"भाकर जाळती ती," नाना म्हणाले. "मासवडीच्या रश्याला. माझी आई हिला खोबरं लई मोजून द्यायची, रस्सा पातळ व्हायचा, म्हणून हिनं काढलेली रीत. अख्ख्या गावात दुसरं कुणी करत नाय. लोक हसतात तिला."

मासवडी म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगावकडचं सणासुदीचं जेवण. बेसनाची वडी, आत खोबऱ्याचं सारण, आकार तेवढा माशाचा, आणि सोबत जाळ काढणारा रस्सा. बाकी सगळा शाकाहार. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. पोराला आयुष्यात रस्सा एकच येत होता, आईचा मासवडीचा. बंकरमध्ये वड्या कोण थापणार? म्हणून त्यानं त्यात नाल्यातले मासे सोडले होते. 'मासे मातर मी टाकतो,' आणि ते हसणं. गंगारामला बिनसांगता कळलं होतं, मासा पाहुणा आहे ते.

"करता येईल का तुमाला?" नानांनी विचारलं.

"इतक्या रविवारी बघितलंय नाना. येईल."

"मंग उद्या करा. तिच्या डोळ्यांम्होरं. मासे मी आणतो."

रात्री मी त्यांच्या पडवीत पडलो. सकाळी नाना धरणावरच्या मासेमाराकडून मरळ घेऊन आले आणि वस्तीच्या बाहेर ओढ्यावर स्वतःच साफ केली. मी अंगणात, लिंबापासून लांब, तीन दगडांची चूल मांडली. मावशी दारात आली.

"काय चाललंय?"

"त्यो दुसरा दत्तू काय करायचा ते दावतो म्हणत्यात पावणं," नाना म्हणाले. "वाटणापुरता पाटा दे. मासा नाय लागायचा त्याला."

तिनं पाटा दिला आणि आमच्याकडं पाठ करून उंबऱ्यावर बसली. मी कांदा भाजला, खोबरं भाजलं. हात अवघडलेले. बंदुकीची सवय असलेला माणूस मी, खसखस करपवली थोडी. मग मी नानांकडून शिळी भाकर घेतली, चिमट्यात धरली आणि जाळात घातली.

धूर सुटला. मावशीची पाठ हलली.

"भाकर कोण जाळतंय?" तिनं वळून न बघता विचारलं.

ती उठून आली. माझ्या हातातल्या चिमट्याकडं बघत उभी राहिली. मी काळी भाकर पाट्यावर घेतली आणि वाटायला लागलो. थोड्या वेळानं ती खाली बसली. "पाणी लई घेताय," म्हणाली. मग मला बाजूला सारून वरवंटा तिनंच हातात घेतला. मी तिला अडवलं नाही.

रस्सा चढवला. काळं तिखट त्याच डब्यातलं, ट्रंकेत आलेलं. ती डब्याकडं बघत होती. उकळी आली. मला वाटलं झालं असेल. मी फडक्यानं पातेलं धरायला हात पुढं केला.

"उतरवू नका," ती पातेल्यात वाकून म्हणाली. "तेल वर नाय आलं अजून."

माझा हात तिथंच राहिला. तेच वाकणं, तोच आवाज. मला रडू फुटलं, आणि ते मी लपवलं नाही.

"मावशी," मी म्हणालो, "त्योबी हेच बोलला. शेवटचं. टेलिफोनवर मला विचारलं, उस्ताद, तेल वर आलं का. मी म्हणालो नाय अजून. तर म्हणाला, मी आलोच."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी सगळं सांगितलं. लाइन कशी तुटली, ओपीतली दोन माणसं, पक्कड, टेप नीट गुंडाळलेली. तिनं मधे एकदाही विचारलं नाही की हे खरं का. सांगून झालं तेव्हा तिनं लिंबाकडं मान वळवली, फांदीच्या कलशाकडं. आणि मग जो हंबरडा फोडला, तो वरच्या वस्तीवर ऐकू गेला. बाया धावत आल्या. नाना चुलीपाशी डोकं धरून बसले. त्या दिवशी त्या घरात दत्तू मेला.

खूप वेळानं आवाज बसल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. पातेल्यात बघितलं. लाल तवंग आला होता.

"मासे कवा टाकायचा?"

"आत्ताच."

"मंग टाका की. बघत काय बसलाय."

मी तुकडे सोडले. शिजेपर्यंत ती तिथंच बसून होती. नानांनी पळसाच्या पानाची पत्रावळ आणली. मी वाढायला डाव घेतला, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. गळ्यातली माळ पदराखाली सारली, आणि आयुष्यात मासा न शिवलेल्या त्या बाईनं स्वतःच्या हातानं पहिला तुकडा पत्रावळीवर वाढला. वर रस्सा घातला. भाकर ठेवली. पान लिंबाखाली नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "जेव रे बाबा. मी रागवत नाय."

पुढच्या दोन दिवसांत घोडनदीवर दहावा झाला. मी थांबलो.

त्यानंतर दर वर्षी, दत्तू गेला त्या दिवशी, मी आंबेगावात जात राहिलो. पेन्शनीत आलो, तरी जात राहिलो. गंगारामही कोकणातून यायचा, पिशवीत कोकमं घेऊन, आणि मावशी ती कोकमं न वापरता परत द्यायची. रस्सा ती करायची. घरात, चुलीवर, भाकर जाळून. मग पातेलं अंगणात यायचं आणि मासे नाना टाकायचे. ती खायची नाही. जेवणारांच्या पुढं बसून विचारायची, "तिखट झालंय का? त्याला इतकंच लागायचं का?" दर वर्षी आम्ही सांगायचो, इतकंच लागायचं.

आधी नाना गेले. दोन वर्षांमागं मावशी गेली. घराला कुलूप आहे. आता तो दिवस माझ्या घरी, पिंपरी पेंढारला असतो. गंगाराम येतो, गुडघे धरत, आणि अंगणात बसून नावं ठेवतो की मासो पावणोच. रस्सा मी करतो. बायको म्हणते, एवढं दमता तर विकत आणा की हॉटेलातून. तिला काय सांगणार.

रस्सा उकळतो, नातवंडं ताटं वाजवतात, मी पातेल्यावर वाकून बसतो. सिपाही दत्तात्रय, लाइनमन. सिपायानं हवालदाराला हुकूम द्यायचा नसतो. माझ्या सगळ्या नोकरीत एकानंच दिला, तोही टेलिफोनवर. तेल वर येईपर्यंत मी मासे टाकत नाही.